अठ्ठावीस बाजूंचं गाव

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिलाय ‘परदेशातील माझे अनुभव’. वेळ दिलाय वीस मिनिटं. जेवणाची वेळ झाली आहे आणि मागून मसालेभाताचा वास येतोय, तेव्हा वीस मिनिटांच्या पुढे मी बोललो तर शिपाईमामांनी खुशाल घंटा द्यावी. त्यांना तो अधिकार आजही आहे.

परदेशात मी एकूण नऊ वर्षं होतो. विमानतळ, बर्फ, मोठाले रस्ते यांच्या गोष्टी तुम्ही सगळ्यांनी ऐकल्या आहेत. आता तर प्रत्येकाच्या घरातलं कोणी ना कोणी तिकडे आहे. मी आज एकाच गावाबद्दल बोलणार आहे. वस्ती साधारण साडेनऊ हजार. म्हणजे आपल्या या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान. गावाचं नाव टस्कीगी. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातलं, मेकन काउंटीचं मुख्य ठिकाण.

नाव ऐकून काही चेहरे उजळलेले दिसतायत. बरोबर. तेच. कार्व्हरचं टस्कीगी.

आठवा, आपण नववीत होतो. शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास ऑफ. मराठीच्या बाई वर्गावर आल्या आणि त्यांनी पिशवीतून वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ काढलं. त्यानंतर किती शनिवार त्या वाचत होत्या ते मला आठवत नाही, पण शेवटच्या तासाला वर्गात चुळबूळ नसायची हे आठवतं. गुलाम आईच्या पोटी जन्मलेला तो मुलगा, त्याची शिक्षणासाठीची पायपीट, आणि मग शास्त्रज्ञ होऊन टस्कीगीला आल्यावर भंगारातून उभी केलेली प्रयोगशाळा. आपल्याही शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि त्यातला एक सांगाडा, त्यामुळे ते आपल्याला फार लांबचं वाटलं नाही.

पुस्तक संपलं त्या दिवशी बाईंनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय का? शेवटच्या बाकावरून एक हात वर आला. ओढ्यापलीकडच्या वस्तीतला आपला एक वर्गमित्र. त्याने विचारलं, “बाई, ते गाव अजून हाय का?” वर्ग हसला. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “असणारच. मोठा झालास की जाऊन बघून ये, आणि आम्हाला सांग.”

तो गेला नाही. मी गेलो. तेव्हा बाईंना सांगायचं काम माझ्याकडे आलं. बाई समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, उशीर झाला, छत्तीस वर्षं लागली. पण सांगतो.

२०१३ साली कंपनीने मला ऑबर्न नावाच्या गावी पाठवलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, तीन वर्षांची बदली. पहिल्या आठवड्यात नकाशा बघताना दिसलं की तीसेक किलोमीटरवर टस्कीगी आहे. पहिल्याच रविवारी गाडी काढली.

काउंटीचं ठिकाण म्हणजे काय, ते आपल्याला समजावून सांगायला नको. आपलंच गाव डोळ्यांसमोर आणा. मध्ये कचेरी, कचेरीसमोर चौक, चौकात पुतळा, भोवती कापडाची, किराणाची, औषधांची दुकानं, आणि कामासाठी खेड्यांतून आलेली माणसं. तिथेही तसंच. मधोमध चौकोनी मैदान, झाडं, बाकं. एका बाजूला १९०५-०६ साली बांधलेलं कोर्टहाउस, त्याला घड्याळाचा मनोरा. जमिनीची नोंद, लग्नाचं लायसन, कज्जेखटले सगळं त्या इमारतीत. चौकाच्या मधल्या बागेत उंच चौथऱ्यावर एक शिपाई, हातात बंदूक. रविवार असल्यामुळे सगळं बंद. मी त्या बागेतल्या बाकावर बसून घरून नेलेला डबा खाल्ला. पुतळा कुणाचा, बाग कुणाची, असले प्रश्न मला पडले नाहीत. मी कार्व्हरला भेटायला आलो होतो.

तो चौकापासून दीडेक किलोमीटरवर भेटतो, टस्कीगी विद्यापीठाच्या आवारात. त्या संस्थेच्या जन्माची कथा सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यात आहे. हा मुळात क्रीक नावाच्या आदिवासींचा मुलूख. १८३२ च्या तहानंतर ती जमीन गेली, १८३३ मध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांनी गाव आखलं, आणि भोवतालच्या शेतांत गुलामांच्या मेहनतीवर कापूस पिकू लागला. गुलामगिरी संपल्यावर काळ्या पुरुषांना मत मिळालं. १८८० च्या निवडणुकीत राज्याच्या सिनेटसाठी उभ्या असलेल्या एका गोऱ्या उमेदवाराने लुइस ॲडम्स यांना गाठलं. ॲडम्स पूर्वी गुलाम होते, आता पत्र्याचं काम करायचे, आणि त्यांचा शब्द काळ्या मतदारांत चालायचा. उमेदवाराने विचारलं, मतांच्या बदल्यात काय पाहिजे? ॲडम्सनी स्वतःसाठी काही मागितलं नाही. म्हणाले, आमच्या पोरांसाठी शाळा द्या.

शाळा मिळाली. म्हणजे कायदा झाला आणि मास्तरांच्या पगारापुरते वर्षाला दोन हजार डॉलर मंजूर झाले. जागा नाही, इमारत नाही, फळा नाही. २५ वर्षांचे बुकर टी. वॉशिंग्टन हेडमास्तर म्हणून आले आणि ४ जुलै १८८१ रोजी तीस विद्यार्थ्यांना घेऊन चर्चच्या पडक्या खोलीत शाळा भरली. पुढच्या वर्षी एक ओसाड पडलेला मळा घेतला. इमारती बांधायच्या तर विटा हव्यात, म्हणून मुलांनी विटा पाडायला घेतल्या. पहिली भट्टी फुकट गेली. दुसरी गेली. तिसरीही गेली. पैसे संपले. वॉशिंग्टननी स्वतःचं घड्याळ माँटगोमेरीला नेऊन पंधरा डॉलरला गहाण टाकलं आणि चौथी भट्टी लावली. ती पक्की भाजली.

त्या काळात विद्यार्थ्यांनी पाडलेल्या विटांच्या इमारती आजही उभ्या आहेत. वॉशिंग्टन यांचं राहतं घर, ‘द ओक्स’, तसंच आहे, १८९९ चं. ते आखणारे रॉबर्ट टेलर हे एमआयटीतून पदवी घेतलेले पहिले कृष्णवर्णीय. मी त्या भिंतीवरून हात फिरवला. एखाद्या विटेवर बोटांचे ठसे असतील म्हणून शोधले. सापडले नाहीत, पण वीट जरा वेडीवाकडी आहे, पोरांनी केलेली वाटते. आपल्या शाळेची मागची भिंत आपण श्रमदानात बांधली होती, ती जशी पोटाला पुढे आलीय, तसं काही नाही हं. त्यांची सरळ आहे.

कार्व्हर इथे १८९६ मध्ये आले आणि ५ जानेवारी १९४३ ला इथेच गेले. सत्तेचाळीस वर्षं एकाच शाळेत. त्यांचं संग्रहालय जुन्या धोबीखान्याच्या इमारतीत आहे. शेंगदाणा आहेच, पण मला तिथे जास्त भावली ती गाडी. १९०६ साली कार्व्हर यांच्या कल्पनेतून एक घोडागाडी तयार झाली. तिच्यात अवजारं, बियाणं, लोण्याचं यंत्र घालून संस्थेची माणसं खेड्यापाड्यात जायची, कारण शेतकऱ्याला शाळेत यायला सवड नव्हती. वर्षानुवर्षं नुसता कापूस घेऊन जमीन उपाशी पडली होती. तिच्यात भुईमूग, चवळी पेरा, ती जमिनीला खायला घालतात, हे सांगत ती गाडी फिरायची. त्या जमिनीचं काय झालं होतं हे बघायचं असेल तर गावाबाहेर टस्कीगीचं राष्ट्रीय वन आहे. साधारण अकरा हजार एकर, अमेरिकेतलं सगळ्यात लहान राष्ट्रीय वन. आज पाइनची दाट झाडी, हरणं, पायवाटा, शाळांच्या सहली. पण हे मुळातलं रान नाही. कापसाने खाऊन टाकलेली, ओघळी पडलेली शेतं १९३० च्या दशकात सरकारने विकत घेतली आणि त्यांवर झाडं लावली. मी तिथे पुष्कळ रविवार चाललो आहे. झाडांच्या मधून अजूनही जुने ओघळ दिसतात.

आवारातच वॉशिंग्टन आणि कार्व्हर यांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. कार्व्हर यांच्या दगडावर कोरलंय त्याचा मतलब असा की कीर्तीबरोबर पैसाही मिळवता आला असता, पण त्याने दोन्हीची पर्वा केली नाही, जगाच्या उपयोगी पडण्यात सुख मानलं. मी तिथे उभा राहिलो, नमस्कार केला, फोटो काढला. बाईंना दाखवायचा म्हणून काढला. माझं काम झालं असं मला वाटलं.

इथे भाषण संपलं असतं तर छान झालं असतं. पण मी तीन वर्षं त्या गावात जात राहिलो, आणि गाव एका रविवारात कळत नाही.

एकदा चौकाजवळच्या हॉटेलात नाश्ता करताना शेजारच्या टेबलावरच्या एका वयस्क बाईंशी बोलणं झालं. मी म्हटलं, तुमची चौकातली बाग छान आहे, मी पहिल्यांदा आलो तेव्हा तिथेच डबा खाल्ला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “माझ्या आईने त्या बागेत कधी पाय ठेवला नाही.”

मग मी वाचायला लागलो. १९०६ साली काउंटीने ती चौकातली जागा यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सैनिकांच्या वारस महिलांच्या संघटनेला दिली. गोऱ्या लोकांसाठी बाग करावी म्हणून. १९०९ मध्ये तिथे तो शिपाई उभा राहिला. म्हणजे दीड किलोमीटरवर कार्व्हर शेतकऱ्यांना भुईमूग शिकवत होते, आणि गावाच्या मध्यावर ज्यांच्या घामावर गाव उभं होतं त्यांना बसायला बाक नव्हता.

आता भूमितीच्या सरांनी जरा लक्ष द्यावं. टस्कीगी गावाची हद्द पूर्वी चौकोनी होती. मेकन काउंटीत शेकडा ऐंशीहून जास्त लोक काळे. वॉशिंग्टन यांच्या शाळेने आणि तिथल्या सैनिकी रुग्णालयाने शिकलेली, पगारदार माणसं तयार केली होती. ती मतदार म्हणून नाव नोंदवायला लागली. अडथळे पुष्कळ, तरी १९५७ पर्यंत गावात सुमारे चारशे काळे मतदार झाले. कधीतरी हे आपल्याला हरवतील, ही भीती गोऱ्या पुढाऱ्यांना वाटली. तेव्हा त्यांनी मारामारी केली नाही. राज्याच्या विधिमंडळात एक कायदा केला आणि गावाची हद्द नव्याने आखली. चौकोनाची अठ्ठावीस बाजूंची आकृती झाली. सर, आपण षटकोनापर्यंत आलो होतो, कुणी हुशार असेल तर अष्टकोन. अठ्ठावीस बाजूंच्या आकृतीच्या आतल्या कोनांची बेरीज ४६८० अंश. मी सूत्राने काढली, अजून येतं.

त्या रेषेने काय केलं? चारशेपैकी चार-पाच सोडून सगळे काळे मतदार गावाबाहेर गेले. गोरा मतदार एकही बाहेर गेला नाही. घरं जागच्या जागी, माणसं जागच्या जागी. फक्त ती आता गावातली नव्हती. मतांच्या बदल्यात मिळालेली ती शाळा, ते सगळं आवार, हद्दीबाहेर गेलं. आपण नववीत ज्या टस्कीगीच्या कार्व्हरची गोष्ट ऐकली, त्याची समाधी ज्या आवारात आहे ते आवार टस्कीगीत राहिलं नाही.

आणि त्या कायद्यात काळा किंवा गोरा हा शब्दच नव्हता. नुसती मोजमापं होती. इथून इतके फूट, तिथून तितके फूट.

संस्थेतले समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांच्या पुढाकाराने लोकांनी गावातल्या गोऱ्या दुकानदारांकडे जाणं बंद केलं. बहिष्कार हा शब्द वापरला तर कायद्याने गुन्हा, म्हणून ते म्हणायचे, आम्ही आमच्या मित्रांकडूनच खरेदी करतो. हॉटेलातल्या त्या बाई तेव्हा दहा वर्षांच्या. शाळेचे बूट घ्यायला वडील त्यांना बसने दुसऱ्या गावाला न्यायचे. चौकातली कित्येक दुकानं बंद पडली. खटला वरच्या कोर्टात गेला. वकील होते फ्रेड ग्रे, रोझा पार्क्स यांचे वकील; त्या रोझा पार्क्सही टस्कीगीतच जन्मलेल्या. ग्रे तेव्हा तिशीच्या आतले. त्यांनी जुन्या चौकोनावर नवी अठ्ठावीस बाजूंची आकृती काढलेला मोठा नकाशा सुप्रीम कोर्टात नेला. त्या नकाशापुढे फार युक्तिवादाची गरज नव्हती. निकाल एकमताने लागला, १४ नोव्हेंबर १९६० ला. आपल्याकडे शाळाशाळांतून बालदिन चालला असेल. पुढच्या वर्षी गाव पुन्हा चौकोनी झालं.

तेवढ्याने सगळं सरळ झालं असं नाही. १९६३ मध्ये कोर्टाच्या हुकमाने तेरा काळी मुलं गावातल्या गोऱ्यांच्या हायस्कुलात जाणार होती, तर राज्यपालांनी पोलीस पाठवून शाळाच बंद पाडली. शाळा उघडली तेव्हा थोड्याच दिवसांत गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून घेतली. त्या तेरा जणांना शाळा मिळाली, वर्गमित्र मिळाले नाहीत. १९६६ च्या जानेवारीत संस्थेचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी सॅमी यंग, नौदलात नोकरी करून आलेला, पेट्रोल पंपावर गोऱ्यांचं स्वच्छतागृह वापरण्यावरून वाद झाला आणि गोळी घालून मारला गेला. मारणारा निर्दोष सुटला त्या रात्री विद्यार्थी चौकात गेले आणि त्या शिपायाच्या तोंडाला त्यांनी काळा रंग फासला. मी परत आल्यावर, २०२१ मध्ये, एका नगरसेवकाने करवत घेऊन त्याच पुतळ्याचा पाय कापायला घेतल्याची बातमी वाचली. मला आश्चर्य वाटलं नाही.

आणि चांगल्या शाळेच्या हातूनही काय होतं, तेही त्याच गावात बघितलं. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सरकारच्या आरोग्य खात्याने मेकन काउंटीतल्या सुमारे सहाशे गरीब काळ्या पुरुषांवर अभ्यास केला. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना तो सांगितला नाही, पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. रोग पुढे काय करतो हे नुसतं बघत बसले. संस्थेच्या रुग्णालयाचाही त्यात हात होता. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली. ज्या शाळेची आपल्याला भक्ती, तिच्या नावाने जगभर त्या अभ्यासाला ओळखतात.

त्याच गावाच्या धावपट्टीवर दुसऱ्या महायुद्धात पहिले काळे लष्करी वैमानिक तयार झाले. त्या मोटन फील्डवर आता विमानांचं संग्रहालय आहे, आणि ते बघितल्यावर छाती भरून येते. हे सगळं एकाच गावात. चौक, समाधी, धावपट्टी, रान, सगळं अर्ध्या तासाच्या फेरीत.

बाई, ही झाली तुम्हाला द्यायची बातमी. गाव अजून आहे. पण मला अजून एक सांगायचंय, आणि त्यासाठीच मी समितीकडून ही वीस मिनिटं मागून घेतली.

आजच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर आपल्या दहावीच्या निरोपसमारंभाचा फोटो आहे. मागे उंबराचं झाड, मध्ये गुरुजन, मी पहिल्या रांगेत डावीकडून तिसरा, तेल लावून भांग पाडलेला. सकाळपासून सगळ्यांनी त्यात स्वतःला शोधलं आहे. मोजलंत का? मी मोजलं. त्रेचाळीस. समितीने ऑफिसातून जुना हजेरीपट काढला, त्यात आपण चोपन्न आहोत.

अकरा जण फोटोत नाहीत. ते त्या दिवशी गैरहजर नव्हते. ते उंबरापासून दहा पावलांवर, सायकल स्टँडच्या कठड्यावर बसून आपल्याला फोटो काढताना बघत होते.

मी वर्गाचा मॉनिटर होतो. फोटोग्राफरचे माणशी पाच रुपये गोळा करायचं काम माझं. ज्यांनी दिले त्यांची मी यादी केली आणि त्या दिवशी यादी वाचून एकेकाला उभं केलं. पैसे न दिलेल्यांना उभं करू नको, असं मला कुठल्याही सरांनी सांगितलं नव्हतं, बाईंनी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते बघितलंही नसेल. ते माझं डोकं. शेवटच्या बाकावरचा तो, ज्याने गाव अजून हाय का विचारलं होतं, जवळ आला आणि म्हणाला, “मी नुसता कडंला हुबा ऱ्हातो.” मी म्हणालो, “यादीत नाव नाही.”

त्या यादीत कुठल्याही वस्तीचं नाव नव्हतं, जातीचं नव्हतं. फक्त पाच रुपये. पण त्या अकरांपैकी नऊ जण ओढ्यापलीकडचे होते.

मी काही टस्कीगीची आणि माझी तुलना करत नाही. तिथे माणसं मेली आहेत. पण अठ्ठावीस बाजूंच्या त्या नकाशाची प्रत मी पहिल्यांदा हातात घेतली, कडेने बोट फिरवत गेलो, आणि मला एकदम माझीच वही आठवली. आखीव, स्वच्छ अक्षरातली. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे आपल्याला परीक्षेत यायचं. मी ते अचूक लिहायचो आणि मार्क मिळवायचो.

गेल्या महिन्यात मी त्याच्या घरी गेलो. तो वीज मंडळात लाइनमन आहे. निवृत्तीला थोडी वर्षं आहेत. चहा झाला. मी फोटोचा विषय काढला, माफ कर म्हणालो. तो थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, “पाच रुपये नव्हतेच तर तू काय करणार?” मग म्हणाला, “पण आईनं विचारलं हुतं, फोटोत तू कुठाय म्हणून.” त्यापुढे मला काही सुचलं नाही. त्यालाही बोलायचं नव्हतं. मग तोच म्हणाला, “ते राहू दे. ते गाव हाय का मग?” मी मोबाइल काढला आणि सगळे फोटो दाखवले. विटा, गाडी, समाधी, चौकातला शिपाई, रानातले ओघळ. ओघळांच्या फोटोवर तो बराच वेळ थांबला. म्हणाला, “आमचं माळाचं रान असंच हाय.”

माझी समितीला दोन गोष्टींची विनंती होती आणि दोन्ही समितीने मान्य केल्या, त्याबद्दल आभार. एक, स्मरणिका छापायला जाईल तेव्हा मुखपृष्ठावरच्या फोटोखाली चोपन्न नावं येतील. त्रेचाळीस दिसणारी, आणि अकरा न दिसणारी. हजेरीपटातल्या क्रमाने, वेगळी न काढता. त्या अकरांतले दोघं आता नाहीत. त्यांच्या घरच्यांना विचारून नावं घेतली आहेत. दुसरी, आज चार वाजता उंबराखाली पुन्हा फोटो निघेल. फोटोग्राफरचे पैसे समितीने आधीच दिले आहेत, कुणी खिशात हात घालायचा नाही. गुरुजनांनी मध्ये बसावं. मी मागच्या रांगेत उभा राहणार आहे.

त्याची ड्यूटी दोनला संपते. येतो म्हणालाय. अकरांपैकी सहा जण आज येतायत, त्यातले तिघं सकाळपासून इथे बसले आहेत. मी त्यांच्याकडे बघून बोलू शकलो नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असेल.

बाई, तुम्ही म्हणाला होतात, जाऊन बघून ये आणि आम्हाला सांग. बघून आलो आणि सांगितलं. आता चार वाजता तो आला की त्यालाही तुमच्या शेजारी आणून बसवतो. प्रश्न त्याचा होता.

मामांचा हात घंटेकडे गेलेला दिसतोय. थांबतो.